ऊन लागलेल्याला विचारायचं नसतं

तात्या, तुम्ही गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतच आले. आज जरा वेगळं सांगायचंय.

मी बारामतीत एका लहानशा कारखान्यात जवानांसाठी गार जाकीट बनवते. "जवानाला कशाला गं असली थेरं?" असंच म्हणाला असतात तुम्ही. आत बारीक नळ्या, पाठीवर बर्फाच्या पाण्याची पिशवी, कमरेला बॅटरीवरचा पंप. पण बर्फ संपला की हेच जाकीट अंगातली उष्णता कोंडून धरतं. म्हणून मी एक पट्टा जोडलाय. एकाचं अंग फार तापलं की सोबतच्या जवानाच्या मनगटावरचा तो पट्टा थरथरतो. साहेब म्हणतात, "काढा तो पट्टा, वजन वाढतंय. त्रास झाला तर जवान स्वतः सांगेल की!" सोमवारी नमुना चाचणीला जायचाय.

स्वतः सांगेल म्हणे! ते ऐकलं आणि मी थेट लासुर्ण्याच्या आपल्या उसात उभी. मे महिना, मोटारीला दिवसाची लाईट, तुम्ही सरी-सरीला पाणी वळवत दारं धरताय. आई भाकरी घेऊन आलीये, मी तिच्या मागं. तुमचं तोंड लालभडक, अंगावर घामाचा टिपूस नाही. आई म्हणते, "अवो, सावलीला बसा की जरा." तुम्ही खोऱ्यावर रेलून हसता. "काय होत न्हाय मला. वाळवंटात नोकरी केलीय मी, हितलं ऊन काय करतंय!" आम्ही घरी आलो. पाणी शेजारच्या रानात घुसलं म्हणून शेजारी भांडायला आला, तर तुम्ही सरीत पडलेले. इंदापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बायको-पोरीसमोर फौजीपणा मिरवायला खोटं बोललात, असं मी धरून बसले. फार राग केला तुमचा.

परवा कारखान्यातल्या तापवलेल्या खोलीत मी स्वतःच जाकीट घालून चालायला लागले, पंप मुद्दाम बंद ठेवून. पट्टा मैत्रिणीच्या मनगटाला, ती काचेबाहेर. आधी जीव नकोसा झाला. मग एकाएकी बरं वाटायला लागलं, पाय आपोआप पडायला लागले. ती दार उघडून ओरडली, "अगं, बाहेर ये!" मी तिच्यावरच डाफरले, "मला काय झालंय? मस्त चाललंय माझं!" तिनं दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. रोज सोबत डबा खाणारी बाई, पण मला तिचं नाव आठवेना.

तुम्ही खोटं बोलत नव्हता, तात्या. तुम्हाला खरंच काही होत नव्हतं. तुम्हाला विचारायचंच नव्हतं, हाताला धरून ओढायचं होतं.

साहेबांना सांगून टाकलं, पट्टा काढलात तर माझी सही मिळणार नाही. ते "बघू" म्हणाले. बघू द्या, मी हटणार नाही.

आईला मात्र यातलं काही बोलले नाही. 'मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही,' एवढ्या एका वाक्यावर ती बाई इतकी वर्षं उभी आहे. ते कसं काढून घेऊ? ती तुमच्यापासून हातभर अंतरावर होती. हे पत्रसुद्धा तिच्या हाती लागता कामा नये. काल शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "लई हट्टी व्हतं गं तुजं तात्या."

मी म्हणाले, "व्हय, लई हट्टी."