दाबून भरलेला कप

१८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज तुझ्या कृतीचा केक तिसऱ्यांदा बसला. मधोमध एवढा खड्डा, की त्यात गोट्या खेळाव्यात. आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये सगळं काट्यावर तोलून करतात, 'कप' म्हटलं की शेफच्या कपाळावर आठ्या. म्हणून वजनमापाच्या तक्त्यात बघून तुझा एक कप मैदा म्हणजे एकशेवीस ग्रॅम धरला, लोणी-साखरही तशीच. शनिवारी शेफ केक चाखणार. जमला तर मला कायम करतील, नाहीतर दुसरीकडे काम शोध म्हणालेत.

कृती सांगू नकोस, कप भरूनच पाठव. नेहमीसारखे चार कप मैदा भर, चार पिशव्यांत वेगवेगळे ओत, पिशव्यांवर ओळीने आकडे टाक आणि काकांबरोबर पाठव, मी इथे तोलून बघते.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ठमी

२० नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

केक म्हणजे काय धान्याचं पोतं आहे, काट्यावर चढवायला? तुझे काका म्हणतात, पोरीला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं. मी मात्र तुझ्या बाजूने बोलले हो. हल्ली मैदाच धड येत नाही. माझेही केक बसायला लागलेत. दुकान बदललं, ओव्हन दुरुस्त करून घेतला, तरी तेच.

पिशव्या देते आहे. घाबरू नकोस, वेळेवर जेवत जा.

आत्याचे आशीर्वाद

२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला कायम केलं! पहिल्या पिशवीत एकशे पन्नास ग्रॅम मैदा निघाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तू कप भरून अंगठ्याने दाबतेस आणि वर पुन्हा भरतेस. त्या वजनाने केला, तर शेफनी दुसरा तुकडा मागून घेतला.

पण आत्या, पुढचं लिहायला हात धजत नाही. दुसरी पिशवी एकशे चाळीस, तिसरी एकशे पंचवीस, चौथी जेमतेम एकशे दहा. आधी काकांवर संशय घेतला, वाटेत सांडलं असेल म्हणून. पण गाठी त्यांच्याच हातच्या, करकचून मारलेल्या. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. शेवटच्या ओळींचं अक्षर किती फिकं झालंय गं! मैद्यात खोट नाही, ओव्हनमध्येही नाही. तुझ्या हातातला जोर जातोय का? मला फार भीती वाटते. खरं काय ते कळव.

तुझी,
ठमी

२६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अक्षर काकांचं आहे, शब्द माझे. कायम झालीस, जीव भांड्यात पडला.

उन्हाळ्यापासून उजव्या हाताची पकड सुटत चालली आहे. ब्लाउजची बटणंही हेच लावून देतात. (हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते.) आम्ही दोघांनी मिळून सगळं खापर मैद्यावर फोडलं. अंगण सरळच होतं, बाई. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. मला एकटीने ऐकायचा धीर नाही आणि यांना तर त्याहून नाही. तू ये.

येताना तुझ्याकडे आहे तसा एक काटा घेऊन ये. एकशे पन्नास हा आकडा कागदावर मोठा लिहून ओट्यावर चिकटव. काट्यावर दाबावं लागत नाही ना? तेवढा मैदा मी चमच्या-चमच्याने घालीन.

लोभ मात्र तोलून नको.

तुझी,
आत्या