चाळीस जणांची उसळ

मंगळवार, संध्याकाळ

गोव्याच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या पोरांची बस महिना झाला बाजारात येत नाही, वर हायवेलाच थांबते. तरी बाबा पहाटे उठून हॉटेलात चाळीस जणांची उसळ करतात. आज सकाळी सहा जण आले. सहा.

मी म्हटलं, पुण्याची नोकरी सोडतो, हायवेला उसळीची गाडी लावूया. बाबा म्हणाले, "पोरांका बस पकडूची असता रे, थंय उसळ खाता कोण? तू गप पुण्याक जा."

पण मी चार वर्षं तिकडे राबलो ते या हॉटेलसाठीच ना?

दुपारी सातवा माणूस आला. खूश होऊन मी त्याला उसळ जास्त वाढली. खाऊन उठला आणि टेप काढून भिंती मोजायला लागला. इथे मोबाईलचं दुकान टाकणार म्हणे. बाबांनी मला सांगितलंसुद्धा नव्हतं. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.