टाकीवर गणपती असलेली फवारणी मशीन

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. माघी गणपती.
उपास. ह्यांचा खांदा पुन्हा धरला. पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन अख्खा मोगरा फवारायचा, आणि वय एकोणसाठ. फराळाला बसल्यावर सुजयने विषय काढला. म्हणाला, आई, हा शेवटचा सीझन. पाडव्यापर्यंत मोगऱ्याने काही दाखवलं नाही तर वाडीत टर्फ करू या, हिरवळीचं मैदान, क्रिकेटला पोरं तासावर पैसे देतात. ह्यांनी मान हलवली. मान हलवताना खांदा दुखत नाही.
चैत्रात देवीला पहिली वेणी घरच्या मोगऱ्याची, हे गेली सव्वीस वर्षं. टर्फवर वेणी उगवत नाही.
संकल्प: स्वतः चालणारी फवारणी मशीन घेणे. सेकंडहँडच. चुका सगळ्या पहिल्या मालकाच्या हातून होऊन गेलेल्या असतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
गोखिवऱ्याला डेन्झिलच्या शेडमध्ये जुन्या मशिनी बघितल्या. हे इंजिनाला कान लावून बसले. मी वांगी निवडते तशी निवडली. पिवळी. टाकीवर गणपतीचं स्टिकर, त्यावर उदबत्तीचा डाग. रोज पूजा झालेली मशीन फसवणार नाही.
डेन्झिल म्हणाला, काकी, निळी घ्या, ती द्राक्षबागेतली आहे. पिवळी गव्हातली. तिच्यातून तणनाशक मारलंय, त्याने गवताला-गव्हाला काही होत नाही, पण मोगऱ्यासारखं रुंद पानाचं काहीही मरतं. घ्यायचीच असेल तर टाकी, नळ्या, सगळं सोड्याने तीनदा धुवा. तीनदा हां काकी.
निळीवर एकही देव नव्हता. शिवाय महाग. विकणारा महागातलीच दाखवणार, एवढं मॅट्रिक झालेल्या बाईला कळतं.
पिवळी घेतली. सोन्याच्या बांगड्यांसाठी साठवलेले पैसे गेले. रंग तोच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी.
मशीन आली. ओवाळली, नारळ फोडला. पहिल्या फेरीत क्लच कुठला हे ह्यांना आठवेना. मशीन कुंपण मोडून शेजारच्या ज्युलीच्या वाडीत शिरली आणि तिथल्या क्रूसापुढे जाऊन थांबली. हे म्हणतात, पेट्रोल संपलं. मला तसं वाटत नाही.
ज्युली बाहेर आली. म्हणाली, प्रेमलता, हिला चर्चात मिसाला यायचं होतं तर रविवारी पाठवायचीस ना. मी हसले नाही. कुंपण उद्या बांधून देणार.

९ फेब्रुवारी, रविवार.
टाकी धुतली. तीनदा म्हणजे तीनशे लिटर पाणी आणि दोन पाकिटं सोडा. सोडा कपड्यांसाठी असतो. मी एकदाच धुतली, साध्या पाण्याने, पण मन लावून. वर गंगाजलाचे पाच थेंब. त्यात उरलेल्या दोन वेळा आल्या.
धुतलेलं पाणी ओतून दिलं नाही. मागच्या मिरच्यांना घातलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
मिरच्यांनी माना टाकल्या. पानं भाजलेल्या पापडासारखी वळली. परवाच ज्युली कुंपणावरून म्हणाली होती, काय गं मिरच्या आल्यात तुझ्या! अशीच लागते दृष्ट. मशीनला लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. मिरच्या विकत आणाव्या लागल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
मशीनची निगा. नोझल तुंबले होते. डेन्झिलने जुन्या टूथब्रशने घासायला सांगितलं होतं, टोकदार काही घालू नका म्हणाला होता. जुना ब्रश देवाची भांडी घासायला आहे. सेफ्टी पिन घातली. आता फवारा दुप्पट पडतो. कंपनीने भोकं पाडताना हात आखडता घेतला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
आज फवारायचं ठरलं होतं. एकादशी निघाली. मशीनलाही सुट्टी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी साडेनऊ.
फवारणी झाली! कळी पोखरणाऱ्या अळीचं औषध. पूर्वी दोन दिवस लागायचे, आज चहा निवायच्या आत अख्खी वाडी. हे मशीनवर बसून गेले आणि बसूनच आले. उतरल्यावर खांदा गोल फिरवून दाखवला. म्हणाले, तू होतीस म्हणून गं. एवढं मोठं वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच.
टर्फ मिटलं.

६ मार्च, गुरुवार.
मोगऱ्याचे शेंडे वळलेत. औषध अंगात मुरतंय. हे वाडीत उकिडवे बसून बराच वेळ एकाच झाडाकडे बघत होते. मी म्हटलं, जोम धरतोय. ते म्हणाले, हं.

१२ मार्च, बुधवार.
पानं गळतायत. डेन्झिलला फोन केला. त्याने आधी हेच विचारलं, काकी, टाकी किती वेळा धुतली? मी म्हटलं, व्यवस्थित. तो म्हणाला, व्यवस्थित म्हणजे किती? मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय, ठेवते.
कुकर लावलेला नव्हता. आता लावते.

१९ मार्च, बुधवार.
एकही कळी नाही. मात्र मोगऱ्याच्या सरींमध्ये गवत इतकं सुरेख कधीच आलं नव्हतं. मशीनने कामच केलं नाही असं कोणी म्हणू नये.

३० मार्च, रविवार. पाडवा.
गुढी उभारली. सुजय टेप घेऊन वाडीत उतरला. चपला काढून गवतावरून चालला आणि म्हणाला, आई, अर्धं काम तर तूच करून ठेवलंस. हे टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. खांद्यापर्यंत हात नेऊन. दुखत नसावा. पिवळी मशीन टर्फला पाणी मारायला ठेवायची ठरली, फक्त आधी टाकी सोड्याने धुऊन. तीनदा. हे स्वतः धुणार आहेत.
अकराला ज्युली आली. ताटलीत ओंजळभर मोगरा, तिच्या कुंपणापलीकडचा. म्हणाली, आज तुझ्या देवीचा मान ना? घे, पाठीवरच्या पंपाने फवारलेला आहे. टोमणा होता. पण कळ्या टपोऱ्या होत्या. वेणी मी केली.
देवीला वाहताना सव्वीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, आई, घरचा मोगरा.
देवी बघतच होती.
मग म्हटलं, शेजारचा. आणि टाकी एकदाच धुतली होती, तेही सांगून टाकलं.