शनिवारची पिशवी

बाई, आज सकाळी घंटागाडीवाल्याने माझी बादली तशीच खाली ठेवली. "ताई, शिकल्यासवरल्या दिसता, अन् वला-सुका एकच करून राहिल्या," म्हणाला. शेजारीण दारातून बघत होती. मी नुसती हसले. कचरा वेगळा करायचं रीतसर शिक्षण या गल्लीत फक्त माझं झालंय आणि ते तुम्ही दिलंत, हे त्याला काय सांगणार?

कापसाने पाठ फिरवली आणि आम्ही हिवरखेडकडचं घर बंद करून अकोल्याला आलो, तेव्हा मी सातवीत होते. खोली मिळाली ती भंगाराच्या दुकानांच्या मागे. कुठे राहतेस असं तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, आणि तेवढ्यावरून तुम्ही सगळं ठरवून टाकलंत. तुमचा नवा उपक्रम निघाला होता: मुलींनी दर शनिवारी घरचा सुका कचरा पिशवीत भरून आणायचा, शाळेच्या व्हरांड्यात तो वेगळा करून पोत्यांत भरायचा आणि कबाडीवाल्याला द्यायचा. "तुला यातलं कळत असेल," म्हणत तुम्ही मला पोत्यांजवळ बसवलंत. बाई, मला यातलं काडीचंही कळत नव्हतं. गावी आमचा एक उकिरडा होता. शेण, राख, भाजीचे देठ सगळं त्यात, आणि पुढे ते वावरात. प्लास्टिक, पत्रा, पुठ्ठा मी तुमच्या व्हरांड्यात शिकले. आईला सांगितलं तर तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नाही. "मी वावरात निंदत होती, कचरा नाई येचत होती. बाईले सांगजो," म्हणाली. मी सांगितलं नाही. तुमच्यासमोर बोलायची कोणाची छाती होती?

हे सगळं मी विसरलेही असते. पण शिष्यवृत्तीचा जादा तास नेमका शनिवारी शाळा सुटल्यावर, आणि पोतीही तेव्हाच. मी खिडकीखाली बसले आहे, आत तुम्ही फळ्यावर गणित घालता आहात, उत्तर मला येतं आहे आणि हातात कोणाच्या तरी घरचा तेलाचा डबा आहे. एकदा धीर करून मी विचारलं, मला आत बसू द्याल का. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. "तुझ्याइतकं नीट कोणी करत नाही गं. आणि परीक्षेला बसून तू काय करणार?" हात मायेचा होता, तेच मला अजून पचत नाही. गॅदरिंगला इतर मुलींना बक्षीस म्हणून पेनं आणि कंपासपेट्या मिळाल्या. मला तुम्ही रबरी हातमोजे दिलेत.

पिशवी तुमच्याही घरून यायची. सगळ्यांना शिकवणाऱ्या बाईंच्या पिशवीत चहाचा चोथा, न धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, सगळं एकात एक. त्यातच गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसायला लागली. आधी थोडी, मग दर शनिवारी. एक मी औषधाच्या दुकानात नेऊन दाखवलं. कोणाचं, असं विचारलं तर आत्याचं म्हटलं. कॅन्सरचं औषध आहे, दुकानदार म्हणाला. त्यानंतर मी तुमची पिशवी सगळ्यांत आधी उघडायचे आणि ती पाकिटं बारीक कापून पोत्याच्या तळाशी घालायचे, म्हणजे दुसऱ्या मुलींना वाचता येऊ नयेत. तुम्ही खुर्चीला धरून शिकवायला लागलात तेव्हा वर्गाला वाटलं, पाय दुखतो.

परीक्षेच्या आधीच तुम्ही गेलात. मला वाटलं, आता तरी आत बसता येईल. पण नव्या बाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं, पोत्यांजवळ बसणारी मुलगी कोणती? सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि मी उठून बाहेर गेले. परीक्षा माझ्याविना झाली. पुढे रखडत शिकले, बडनेऱ्याला रेल्वेत लागले, आणि त्यात तुमचा काही हात नाही. कधीकधी वाटतं, तुमची पिशवी माझ्याच हाती राहावी म्हणून तर तुम्ही मला बाहेर ठेवलं नव्हतं ना? तसं असेल तर सांगायचं होतंत. तास संपल्यावर केलं असतं मी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. घरात मी ओलं-सुकं मुद्दाम एक करते बाई, रोज, तुमच्या नावाने. फक्त गोळ्यांची पाकिटं निघाली तर ती अजूनही आधी बारीक कापून घेते.