ढोलातली उशी

रविवार, ८ तारीख

सगळ्यात आधी आला तो किडेमार! नात अजून अंघोळीला, आणि हा दारात काठ्या घेऊन उभा. तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात, त्यातल्या चुका हा शोधतो. चुकांना ते बग म्हणतात, म्हणून हा किडेमार. रविवारी मात्र माझ्या मागच्या खोलीत ढोल बडवतो. त्यातला मोठा तर चक्क लाथेने! मग आला केसाळ — ऑफिसात राक्षसांची चित्रं काढतो, इथे गिटार. आणि नात गाते. गाते कसली, डरकाळ्या फोडते! हेवी मेटल म्हणतात त्याला. कपाटातल्या बशासुद्धा थरथरतात. पण मला बाई आवडतं. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

नातीने बजावलंय — "मागे तू वायरी पुसायला गेलीस आणि सगळा घोळ झाला. आता परत कशाला हात लावलास ना आजी, तर आम्ही दुसरीकडे जागा बघणार."

बरं बाई, म्हटलं.

मंगळवार, १०

हात लावला.

झाडायला गेले होते, एवढंच! लाथेच्या ढोलाला पुढून भोक आहे. डोकावले तर आत उशी! कळकट, वास मारणारी. कुणी कोंबली देव जाणे. ओढून काढली, धुतली, दोरीवर टाकली. संध्याकाळी किडेमार विसरलेलं जाकीट न्यायला आला, दोन कप चहा पिऊन गेला. गुणी आहे पोरगा. कप स्वतः विसळतो.

वाळल्यावर उशीला माझ्या हातचा भरलेला अभ्रा घालीन. सोफ्यावर शोभेल.

रविवार, १५

काय करून बसले मी!

ढोल एरवी धप्प वाजायचा, आज रिकाम्या पिंपासारखा घुमत होता. पोरांनी वायर न् वायर काढून पाहिली. ह्यांची ऑफिसातली रीतच अशी — आधी विचारायचं, शेवटचं काय बदललं? "काहीच नाही." मग जे बदललंच नाही, त्यात कोण डोकावतंय!

"ढोल तोच, वायरी त्याच," केसाळ म्हणाला. "म्हणजे बिघडलाय तो वाजवणारा."

नात म्हणाली, "शनिवारी आपला खेळ बाजारात येतोय. त्या कार्यक्रमात सगळ्या ऑफिससमोर असं वाजवणार आहेस?"

किडेमार सोफ्यावर मान खाली घालून बसलेला. पाठीशी तीच उशी, माझ्या अभ्र्यातली! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला — ती कोंबलेली नव्हती, ढोल घुमू नये म्हणून ठेवलेली होती. तोंड उघडलं, पण "चहा टाकते" एवढंच बाहेर पडलं.

सोमवार, १६

सांगायला म्हणून दोनदा नातीच्या दारापर्यंत गेले, दोनदा परत आले.

मंगळवार, १७

नात फोनवर बोलत होती. शनिवारी ढोलावर दुसऱ्या कुणाला तरी बसवणार.

"अगं, त्याला किती लागेल!" म्हटलं.

"आजी, तुला ह्यातलं काय कळतं?"

मला एकटीलाच तर कळतंय! सांगितलं तर पोरं इथून जातील. नाही सांगितलं तर तो जाईल. आणि मी मेली गप्प — कशासाठी, तर रविवारी घरात चार कप जास्त लागावेत म्हणून.

गुरुवार, १९

सगळ्यांना बोलावून घेतलं. उशी पुढ्यात ठेवली आणि सांगून टाकलं. केसाळ आधी खो-खो हसला, मग किडेमारची माफी मागून मोकळा झाला. उशी आत घातली. लाथ मारली — धप्प! माझ्याच छातीवरचं ओझं उतरलं.

नात मात्र वायरी गुंडाळायला लागली.

शनिवार, २१

पोरं सामान न्यायला आली. खोली ओकीबोकी. सगळ्यात मागे राहिला किडेमार.

"आजी, उशी मी मंगळवारीच पाहिली होती. दोरीवर."

"अरे मेल्या! मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर हिने जागा बदलली असती. मग रविवारी मी कुठे गेलो असतो?"

बाहेर नातीने ढोल गाडीत चढवला. भोकातून माझा अभ्रा दिसत होता — काढलाच नाही तिने. "दूध जास्त घेऊन ठेव," खिडकीतून ओरडली. "उद्या येतोय आम्ही."