वजदीची पगारपावती

३ फेब्रुवारी
वजदीला सोळाशे दिनार. मला अकराशे!
प्रिंटरवर त्याची पगारपावती राहिली होती, माझ्या रिपोर्टांच्या खाली. होती तिथेच परत ठेवली. त्याला लॅबमध्ये दोन वर्षं झाली, मला अकरा. रक्त घेताना सुई कशी धरायची, तेही मीच शिकवलं त्याला. घरी लुत्फीला सांगितलं. नवरा म्हणून दोन शब्द तरी बोलेल, असं वाटलं होतं. तो अंडं भरून तळलेलं ब्रिक खात राहिला.

४ फेब्रुवारी
डॉक्टर मोन्जींना विचारलं. लॅब त्यांची, पगार ठरवणारे तेच. चष्मा पुसत म्हणाले, "नझीहा, त्याला घर चालवायचंय. तुझा नवरा कमावतो ना?"


९ फेब्रुवारी
आज एक नमुना सांडला. अकरा वर्षांत पहिला.

१२ फेब्रुवारी
अर्धी रजा टाकून कामगार निरीक्षकांच्या कचेरीत गेले. बाई माझ्याच वयाच्या, सर्दीने बेजार. करारात मी 'सहाय्यक', तो 'तंत्रज्ञ' — ते वाचून माझाच धीर सुटला. पण त्या म्हणाल्या, कागदावरचं पद राहू द्या, प्रत्यक्ष काम काय करता ते दाखवा. तपासण्यांच्या नोंदवहीत रोज आमच्या दोघांच्या सह्या असतात — त्याच यंत्रावर, त्याच तपासण्यांपुढे. ते चालेल, म्हणाल्या. आधी लेखी तक्रार. मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड. नाहीच जमलं, तर कामगार न्यायालय. मात्र वजदीच्या पगाराचा पुरावा हवा.
आणि मी ती पावती परत ठेवून आले होते!

१३ फेब्रुवारी
वजदीला गच्चीवर गाठलं. त्याच्या बायकोला सातवा महिना. म्हणाला, "ताई, पावती दिली तर मला काढून टाकतील."
काढतीलही, म्हटलं. खोटं बोलवेना.

१७ फेब्रुवारी
सकाळी माझ्या डब्याशेजारी घडी केलेला कागद. त्याची पावती! मागे लिहिलंय — 'माझ्या मर्जीने दिली', खाली सही. दिवसभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
संध्याकाळच्या आत तक्रार दिली.

३ मार्च
तडजोडीची बैठक. डॉक्टर वकील घेऊन आले होते. नोंदवहीची पानं उलटली गेली, पावती पुढे आली. वकील त्यांच्या कानाशी लागला. याच महिन्यापासून दोघांचा पगार सारखा करतो, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मीही सही केली. घाईने केली, नीट वाचलंही नाही.
घरी लुत्फीने विचारलं, "भीती वाटली का गं?" त्यानेच मासे घालून कुसकुस केला. दोघंही पोटभर जेवलो.

३१ मार्च
पावत्या मिळाल्या. दोघांच्या अगदी सारख्या. मला अकराशे. वजदीला अकराशे.
त्याने पावती दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "ताई, त्या बाईंच्या कचेरीला कुठली बस जाते?"