उपरण्याखालचा सौदा

शनिवार, १ जानेवारी २००५
नवीन वर्षाचा संकल्प: नात मी सांभाळणार. मार्केट यार्डातला कांद्याचा गाळा पुतण्याच्या ताब्यात दिलाय, तो मुद्दाम याच कामासाठी. घरी बसून मला करमत नाही वगैरे काही नाही.
सोमवारपासून पूर्णिमा पुन्हा हिंजवडीला कामावर. सूनबाईंचा कल पाळणाघराकडे. मी म्हटलं, आठवडाभर मुक्ताला माझ्याकडे ठेवून तर बघा. लगेच हो म्हणाली. दत्तप्रसाद नुसता हसला. पोराला व्यापार कळत नाही. आठवडा मिळाला म्हणजे साल मिळालं.

सोमवार, ३ जानेवारी
मुक्ता दीड वर्षाची. आज तिने पेपर, माझी चप्पल आणि तुळशीची माती चाखून पाहिली. मी अडवलं नाही. माल हातात घेऊन, वास घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मी तसाच शिकलो.
दुपारी तिला आमचा जुना सौदा शिकवला. उपरणं पसरायचं, खाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला पत्ता नाही. यार्डात आता बंद आहे, लिलाव उघड होतो. मुक्ताने माझं बोट घट्ट धरलं आणि खदखदून हसली. आयुष्यभर किती हात धरले उपरण्याखाली, हसलं कोणीच नव्हतं.

मंगळवार, ४ जानेवारी
पूर्णिमाने पोरीचा वास घेतला. म्हणाली, "बाबा, हिला कांद्याचा वास कसा?" मग उपरण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. नवीन अट: तिला घेण्याआधी साबणाने हात. मान्य केली. बारीकसारीक सोडावं, मोठं धरावं.

बुधवार, ५ जानेवारी
आणखी अटी. चपला कपाटात. तुळस गॅलरीच्या कठड्यावर. उपरणं रोज धुवायला. सगळ्या मान्य. सूनबाई खूश, म्हणजे सौदा जमत आलाय.
संध्याकाळी लसणाचे व्यापारी शमशुद्दीनभाई आले. गड्याने न सांगता आधी हात धुतले. सगळं ऐकून म्हणाले, "नागोराव, तुम्ही नुसतं देताय. घेतलं काय?" त्यांना घरगुती व्यवहारातलं कळत नाही. चहा घेऊन लवकर गेले. थांबा म्हटलं होतं.

गुरुवार, ६ जानेवारी
मुक्ताचं पोट बिघडलं. गॅलरीत पडलेली बिस्किटं तिने खाल्ली असावीत. कबुतरांसाठी मीच टाकली होती. हिसकावून घेणार होतो, पण मग ती रडली असती, आणि रडली की ती माझ्याकडे येत नाही, आईचा फोटो दाखवत फिरते.
डॉक्टर म्हणाले, या वयात पोरं सगळं तोंडात घालतात, घाबरू नका. पुढे ते हात धुणं, "नाही" म्हणायला शिकणं असलं काहीतरी बोलले. मुद्द्याचं आधीच बोलून झालं होतं.
माझे कान अजून तिखट आहेत. स्वयंपाकघरात पूर्णिमा सांगत होती, "अरे, त्यांना तिला नाही म्हणवतच नाही. आई गेल्यापासून किती एकटे पडलेत ते." साफ चूक. यमुनाबाई गेल्या, पण अख्खं मार्केट यार्ड मला ओळखतं. एकटा कसला?

शुक्रवार, ७ जानेवारी
नवा संकल्प: कडक शिस्त. दिवसभर एकच धडा. चप्पल? छी. माती? छी. कबुतर? छी. पोरगी हुशार. चारपर्यंत स्वतः बोट दाखवून "छी" म्हणायला लागली. पूर्णिमा घरी आली तर तिच्या ऑफिसच्या बॅगेलाही छी! सूनबाईंना हसू आवरेना. "बाबा, कमाल केलीत," म्हणाली. सौदा आपल्या खिशात.

शनिवार, ८ जानेवारी
सुट्टी, म्हणून सगळे घरी. कौतुक दाखवावं म्हणून मी हॉलमध्ये उपरणं पसरलं, खाली हात घातला आणि म्हटलं, चल मुक्ता, भाव कर.
तिने उपरणं उचललं. माझा हात बघितला. वास घेतला. म्हणाली, "छी."
आणि आईकडे गेली.
पूर्णिमाच जास्त ओशाळली. "अहो बाबा, तिला काय कळतंय!" दत्तप्रसाद टीव्हीचा आवाज वाढवत बसला. मी पण हसलो. मग बेसिनवर गेलो. साबण लावला, पुन्हा लावला, मग लिंबू चोळलं. इतक्या वर्षांचा कांदा आहे, रेषांमध्ये बसलाय.
संध्याकाळी मीच म्हणालो, पाळणाघर बघा. निर्णय माझा.

सोमवार, १० जानेवारी
मुक्ताला सोडायला मीच गेलो. पाळणाघर चालवणाऱ्या वासंतीबाई चुणचुणीत आहेत. अंगणात मातीचा हौद, त्यात पोरं कोपरापर्यंत बुडालेली. मी म्हटलं, हे कसं चालतं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "आजोबा, मुलांना माती हवीच की." हौदाला लागूनच पोरांच्या उंचीचा नळ. आत जायच्या आधी जो तो हात धुतो. रडलं तरी धुतो.
मुक्ता थोडा वेळ माझ्या धोतराला धरून होती. मग मातीत हात घातले. छी म्हणाली नाही. वळूनही बघितलं नाही.
घरी आलो. तुळस कठड्यावरून खाली ठेवली, चपला दारात काढल्या. आता कोण अडवतंय? उपरणं धुऊन इस्त्री होऊन आलंय, साबणाचा वास येतोय. मांडीवर पसरलं. खाली एक हात घातला. समोरून कोणी येईना, म्हणून दुसराही माझाच घातला.
बोट दाबून बघितलं. भाव ठरेना.